तेलातल्या गोळ्या

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. तेलाचा हात फिरवून तबकात मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत.

हे मिलिटरीतून पेन्शनीवर आले आणि मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे गनमॅन म्हणून लागले. पिस्तूल स्वतःच्या परवान्याचं. त्या नवमीला यांनी पिस्तूल आणि गोळ्या पूजेला काढून दिल्या. सासूबाईंनी विळ्या-कुऱ्हाडीला तेल लावलं आणि गोळ्या तेलाच्या वाटीतच सोडल्या. दसऱ्याच्या सकाळी ड्यूटीवर निघताना यांनी वाटी पाहिली.

"आई, ही काय लोणच्याची कैरी हाय का?"

"मिलिट्रीत कोरड्याच पुजत होतास का रं?"

"तिथली गोळी येगळी. ती पाण्यात बुडवून काढली तरी उडती."

यांनी मला एक गोळी दाखवली. बुडाच्या मधोमध बारीक टोपी असते, ठिणगी तिथून पडते. मिलिटरीच्या गोळीला त्या टोपीभोवती लाखेसारखा थर असतो, आत ओल जात नाही. प्रत्येक खेपेतल्या काही गोळ्या भिजवून, तापवून, उडवून बघतात. त्यात नापास झाल्या तर सगळी खेप परत. आमच्या बाजारच्या गोळीला थर नव्हता. टोपीच्या कडेला तेल चमकत होतं.

हे फडक्यानं पुसायला लागले. मी सासूबाईंसमोर यांच्याशी फारशी बोलत नाही. तरी विचारलं, "पुसल्यावर उडतीन का?"

"काही उडतीन, काही न्हाई."

"कोणत्या न्हाई?"

"ते कसं सांगू?"

"मग ह्या घेऊन जाऊ नका. कुणी अंगावर आलं तर?"

यांनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि आज गोळ्यांचा भरवसा नाही म्हणून सांगितलं. तो हसायला लागला, ते मलाही ऐकू आलं. "अहो फौजी, कमरेला दिसलं म्हंजी झालं. उडवायचंय कुणाला? या तुमी."

यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "नुसतं दिसायलाच पायजे, तर जत्रंतलं आणून बांधा." आणि फोन ठेवला.

सासूबाई पुटपुटल्या, "सणाच्या दिवशी नोकरी घालवली." यांनी पिस्तूल कपाटात ठेवलं, कपडे बदलले आणि जेवायला पाट मांड म्हणाले.

व्यापाऱ्यानं दिवाळीआधी दुसरा माणूस ठेवला. त्याच्याकडची बंदूक फार जुनी आहे असं ऐकते. हे आता पेडगावला भावाबरोबर शेती बघतात. शेताला निघताना मी यांना थांबवत नाही.