उन्हाळी गाडी

भाईंदर पूर्वेला मिठागर बुजवलेल्या जागेवर एक कारखाना होता. साठीच्या दशकात तिथे तीनचाकी टेंपो तयार व्हायचा. पुढे एक चाक, मागे दोन, आणि नाक इतकं लांब की लोक त्याला मुंगूस म्हणायचे. आता जुन्या गाड्यांचे शौकीन ते मुंगूस शोधत फिरतात, रंगवून त्याचे फोटो काढतात. मी ते कोरं असताना विकत घेतलं होतं. त्याच्यापायी माझी बायको बारा वर्षं भाऊबीजेला चंद्राला ओवाळत होती. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. हिला चांगला धडधाकट भाऊ होता.

कुलाबा जिल्ह्यातून मी इकडे आलो तेव्हा मिठागरात फावडं मारायचो. पुढे बाजारात सुक्या मासळीचा धंदा टाकला, तो वाढला, आणि उत्तनहून माल आणायला स्वतःची गाडी हवी झाली. ती घ्यायला गेलो तो दिवस मी अनेकांना रंगवून सांगितला आहे. सकाळी गेलो, कारखान्याच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली, तीनदा उठून फाटकापर्यंत चालत आलो. दुपारी तिथला सुपरवायझर कंटाळला. म्हणाला, बरं, तुमच्या भावात द्यायची तर त्या कोपऱ्यातली घेऊन जा. मला वाटलं, जिंकलो.

मला गाडी चालवता येत नव्हती. गावाहून मेहुण्याला बोलावून घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ, शांत पोरगा, हात हलका. आठवड्याभरातच तो म्हणाला, भावोजी, गाडी डावीकडे ओढते. मी म्हटलं, नवी आहे, बसेल. दोन महिन्यांनी राई गावाच्या पुढच्या वळणावर ती बांधावरून खाली मिठागरात गेली. मेहुण्याला खरचटलंही नाही, पण माझे सुके बोंबील सगळे खाऱ्या पाण्यात पडले. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात भांडायला गेलो. सुपरवायझरची खुर्ची लाथेने उडवली. त्याने ती उचलून नीट ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "गाडी सरळ आहे. चालवणाऱ्याचा हात वाकडा असेल. संध्याकाळचं काही घेतो का तो?"

तेच वाक्य घेऊन मी बाजारात आलो आणि भर गिऱ्हाइकात मेहुण्याला दारुड्या म्हणालो. त्याने किल्ली गोणीवर ठेवली आणि गावाला निघून गेला. त्यानंतरच्या ड्रायव्हरनेही गाडी ओढते म्हणून सांगितलं, त्यालाही मी हाकललं. शेवटी गाडी विकली. विकताना गिऱ्हाइकाला सांगितलं की सुतासारखी सरळ आहे.

पुढे कारखाना बंद पडला. त्याच्या भिंतीजवळून जाताना दर वेळी मला एकच गोष्ट खुपायची: गाडी वाकडी होती की हात? सत्तरीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका मे महिन्यात, मी सरळ फाटक वाजवलं.

आतून एक म्हातारा पहारेकरी आला. उत्तनकडचा, गळ्यात क्रूस, अंगात खाकी सदरा. छपराचे पत्रे विकत घ्यायचे आहेत, बघायला आलोय, अशी मी थाप मारली. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि फाटक उघडलं.

आत इतकं काही शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. मुंगसाची पत्र्याची नाकं एकात एक घालून पेल्यांसारखी उभी रचली होती, सगळ्यांत वरच्यात साळुंकीचं घरटं. भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवल्या होत्या, पाना गेला की त्याची सावली राहील अशा. आता नुसत्या सावल्या होत्या. एका खांबावर खडूने कोणीतरी क्रिकेटचा स्कोअर लिहून ठेवला होता. मी भांडायला आलो होतो, पण भांडायला कोणी नव्हतं, मग मी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघत सुटलो. हे काय, ते कशाला, असं विचारून म्हाताऱ्याला सतावलं. तोही खुलला. पहारेकरी नंतर झालो, म्हणाला, आधी इथेच वेल्डिंग करायचो.

मधोमध एक लांब लोखंडी टेबल होतं, चार जाड पायांचं. हा साचा, तो म्हणाला. गाडीचा सांगाडा यावर आवळून जोडायचा. जसा साचा, तसा सांगाडा.

मी खाली बघितलं. एका पायाखाली लाकडाची पाचर ठोकलेली होती.

मिठागरात मी एक गोष्ट शिकलोय. जमीन सपाट आहे का ते डोळ्यांना विचारायचं नाही, पाण्याला विचारायचं. कोपऱ्यात म्हाताऱ्याची बादली होती. मी ती उचलली आणि साच्याखाली ओतली. पत्रे बघायला आलेला माणूस जमिनीवर पाणी ओततोय, तरी त्याने अडवलं नाही. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाणी जरा वेळ थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग सगळंच्या सगळं खाडीच्या बाजूला, पाचरीच्या पायाकडे वाहत गेलं.

"भुई मिठागराची हाय," म्हातारा म्हणाला. "पावसात फुगते, उन्हाळ्यात बसते. फागुन लागला की हा पाय अधांतरी. पाचर मारायचो, पण काम करता करता ती निसटायची. मंग साचा झुकायचा आन गाडी पिळलेली निघायची. पावसाळी गाडी एकदम बेस."

सुपरवायझर साहेबाला माहीत होतं का, मी विचारलं.

"म्हाईत न्हाय कसं? आमी त्या गाड्यांना उन्हाळी म्हणायचो. पावसाळी दाराजवळ लावायच्या, उन्हाळी मागं कोपऱ्यात."

मी मागच्या कोपऱ्याकडे वळून बघितलं. ते बघून त्याला उमगलं असावं.

"शेट, तुमी कंची घेतली व्हती?"

"कोपऱ्यातली."

तो हसला, पण कुत्सित नाही. "भाव पाडणाऱ्याला उन्हाळी द्यायची, असा साहेबाचा हुकूमच व्हता. तुमी किती पाडला?"

बारा वर्षं तो आकडा कोणी न विचारताही मी लोकांना सांगत आलो होतो. त्या दिवशी सांगता आला नाही.

राग आला, नाही असं नाही. शेजारच्या पत्र्याच्या नाकावर मी अशी लाथ घातली की साळुंकी ओरडत उडाली. सुपरवायझरने मला फसवलं, तो राग अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. पण घरी जाताना दुसरंच मनात येत होतं. मेहुण्याने सांगितलं तेव्हा ते खरं मानायचं, तर मी भावात फसलो हेही मानावं लागलं असतं. त्यापेक्षा त्याला दारुड्या ठरवणं मला सोपं गेलं होतं.

निघण्याआधी मी म्हाताऱ्याकडे ती पाचर मागितली. त्याने दोन रुपये सांगितले. मी म्हटलं, सडक्या लाकडाचे दोन रुपये? बराच वेळ आमची घासाघीस चालली. सवा रुपयात सौदा पटला. लाकडी ठोकळ्याने दोन टोले मारून त्याने ती काढून दिली. पत्र्यांचा विषय शेवटपर्यंत त्याने काढलाच नाही.

त्याच आठवड्यात बायकोला घेऊन एसटीने गावी गेलो. मेहुण्याने तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तो चाकाचे आरे ताणत होता. बहिणीला बघून उठला, माझ्याकडे बघून परत बसला. मी पाचर त्याच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मिठागराची भुई, साचा, पाणी, कोपऱ्यातली गाडी. माफी मागायची मला सवय नाही. "तुझा हात सरळ होता, वाकडा माझा सौदा होता," एवढं म्हणालो. "भाऊबीजेला ये."

त्याने हात पुसले, पाचर उचलून उलटसुलट बघितली. दुकानासमोर बसलेली दोन माणसं ऐकत होती.

"भावोजी, हिचे किती दिलेत?"

"दोन सांगत होता. सवात आणली."

"म्हणजे हीपण वाकडीच असणार," तो म्हणाला.

बायको इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मी चिडलो.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसण्याआधी वाकला, दोन्ही हातांनी दाबून पाट डुगडुगतो का ते बघितलं, माझ्याकडे बघत, आणि मग बसला.