मखमली कॉलर

बसण्याआधी तो कोटाची मागची टोकं दोन्ही हातांनी हलकेच उचलायचा, धोतराचा सोगा सांभाळावा तशी, आणि म्हणायचा, "आधी कोट बसू दे, मग माणूस."

जर्मनीतल्या आखेनच्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांत तसा कोट दुसऱ्या कुणाकडे नव्हता. गुडघ्यापर्यंत लांब, कॉलर काळ्या मखमलीची, खाली नळीसारखी विजार आणि जाड रबरी तळव्यांचे बूट. केसांना चोपडून खोबरेल लावून कपाळावर तुरा काढलेला. तुम्ही पाहिला असतात तर आधी हसला असतात. आम्हीही हसलो होतो.

इथे कापडाचं तंत्र शिकायला येण्याआधी तो लंडनला शिंपीकाम करायचा. कोट त्यानेच शिवलेला. त्या कोटाची कुळकथा न विचारताही ऐकायला मिळे.

"दुसऱ्या महायुद्धानंतर बड्या शिंप्यांनी एडवर्ड राजाच्या वेळची फॅशन श्रीमंतांसाठी पुन्हा काढली. गरीब वस्तीतल्या पोरांनी ती उचलली, तशी श्रीमंतांनी टाकली. टेडी बॉय म्हणतात त्या पोरांना. राजाचा कोट हमालाच्या पोराने मिरवला, बोल!"

आमच्यात एक सार्वजनिक कोट होता. करडा, आखूड, कुणाच्याच मापाचा नसलेला. परीक्षा असो की खोली बघायला जाणं, ज्याची गरज त्याने तो घालायचा. हा त्याला हात लावत नसे. खोली बघायलाही स्वतःच्याच कोटात जाई. घरमालकीण दार किलकिलं करी, कॉलर बघे आणि "हाल्बश्टार्कर!" म्हणून लावून घेई. उंडारणाऱ्या टवाळ पोरांना तिकडे तसं म्हणत. थंडी तोंडावर आली तरी स्वारी माझ्या खोलीत जमिनीवरच झोपत होती.

"अरे, एक दिवस घाल की तो करडा."

"मग खोली त्या कोटाला मिळेल. मला नाही."

माझ्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी करड्याची विरलेली कॉलर फाटली. मी अगदी रडवेला झालो. त्याने करडा माझ्या हातातून काढून घेतला. संध्याकाळी परतलो तर करड्यावर काळी मखमल शिवलेली, आणि त्याचा स्वतःचा कोट बोडका.

"हे काय केलंस रे?"

"गेनाऊ, अगदी नेमकी बसली. उद्या ताठ बस."

करडा इतका आखूड की उचलायला टोकं नव्हतीच. तरी परीक्षकांसमोर खुर्चीत बसताना मी ती उचलली. पास झालो. इतक्या अभिमानाने मी पुन्हा कुठे बसल्याचं आठवत नाही.

पुढे त्यालाही खोली मिळाली, त्याच्याच कोटात. शिक्षण संपवून तो लंडनला गेला आणि मग त्याचा ठावठिकाणा लागला नाही. करडा मात्र आमच्याकडेच राहिला. नवा कुणी तो चढवून निघाला की आम्ही त्याला दारातच थांबवायचो, मखमलीवरून हात फिरवायचो आणि सांगायचो, "आधी कोट बसू दे."