पंचफुला आत्याचा जितेपणीचा फोटो

तुमच्या घरात भिंतीवर जे माणूस हार घालून बसलं आहे, त्याच्या अंगावरचे कपडे कोणी निवडले होते? त्यानं स्वतः, की ते गेल्यावर तुम्ही? उत्तराची घाई करू नका. मीही हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता, आणि ज्या एका माणसाच्या बाबतीत तो विचारायची वेळ आली, तिथे मी विचारण्याआधीच उत्तर ठरवून बसले होते.

आत्या गेली तेव्हा मी बेल्लमपल्लीला होते, खाण कामगारांच्या वसाहतीत एका मैत्रिणीकडे. दुपारी प्रशांतचा फोन आला. प्रशांत आत्याचा एकुलता एक मुलगा, मंडल कार्यालयात, म्हणजे तहसिलीत, कारकून. “माय गेली,” एवढंच म्हणाला. आणि मग, “तो फोटो तुज्या मोबाईलमदी हाय ना? मोठा करून लागते.” मी हो म्हणाले. गावी पोचेपर्यंत दोन बस बदलल्या, पण फोटो काही उघडून पाहिला नाही. त्यात मी कुठेच दिसत नाही. तरी तो जसा आला तसा माझ्यामुळे आला, आणि हे तोपर्यंत प्रशांत, आत्या आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं.

पंचफुला आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेलंगणात बाजारहत्नूरजवळच्या आमच्या मराठी बोलणाऱ्या गावात तिनं उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. प्रशांत शाळेत होता तेव्हाच तिचा नवरा गेला. त्यानंतर पोराचं शिक्षण तिनं एकटीनं केलं. माझे वडील पत्रकं काढायचे. जयंतीची, मोर्चाची, मजुरीची, नाहीतर शाळेत मराठी शिक्षक मिळावा म्हणून. आमच्या घरात गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. आत्याला वाचता येत नव्हतं, पण घड्या घालायला ती हमखास यायची आणि आम्हा सगळ्यांत सरळ घडी तिचीच पडायची. एकदा तिनं वडिलांना विचारलं होतं, “भाऊ, इतके कागद दुमडले, याच्यात मी कुटं हाव काय?” वडील म्हणाले, सगळं तुझ्याबद्दलच तर आहे. ती म्हणाली, “मंग मले विचारलं काऊन नाई?” आम्ही सगळे हसलो होतो.

जितेपणी फोटो काढायचं तिच्या डोक्यात आलं ते माझ्या आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, फोटोमुळे. आजी गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो नव्हता. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते तुम्हाला माहीत असेल. ओळखपत्रावरचा चेहरा उचलायचा आणि स्टुडिओवाल्याच्या संगणकात तयार असलेल्या अंगावर बसवायचा. बाई असेल तर रेशमी साडी आणि गळाभर सोनं, बाप्या असेल तर कोट आणि टाय. आजी भरजरी हिरव्या साडीत, तीन पदरी हार घालून भिंतीवर आली. सगळ्यांना बरं वाटलं. गरिबीत गेलेल्या बाईला मेल्यावर तरी थाट मिळाला, असं प्रत्येक जण म्हणाला. आत्या मात्र फोटोसमोर उभी राहून म्हणाली, “तोंड मायचं हाय. आंग कोनाचं हाय?” त्या सोन्यासकट आजी अजून तिथेच आहे.

या वर्षी आत्याच्या छातीत दुखायला लागलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन तिला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली की मला माझा फोटो काढायचा आहे, जितेपणी, सगळ्या अंगासकट. प्रशांत चिडला. असं अभद्र काऊन बोलून राह्यली, म्हणाला. पण ती हटली नाही, आणि मग अभद्र मागे पडून घरात दुसराच वाद पेटला. नेसायचं काय?

प्रशांतचं म्हणणं, त्याच्या लग्नात घेतलेली मोरपंखी रेशमी साडी. घरी ऑफिसची माणसं येतात, त्यांनी भिंतीकडे पाहिलं तर साहेबाची आई दिसली पाहिजे. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पांढरी नेस, विहारात वंदनेला जाते तशी. आणि मी? मी म्हणाले, शर्ट. कापूस वेचायला जाताना आमच्याकडे बाया साडीवर पुऱ्या बाह्यांचा बाप्याचा शर्ट घालतात, बोंडांच्या वाळक्या टोकांनी हात सोलले जाऊ नयेत म्हणून. आत्याचा शर्ट तिच्या नवऱ्याचा होता, निळ्या रेघांचा, कोपरावर दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावलेला. मी तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांवर पुस्तिका लिहीत होते. मुखपृष्ठ माझ्या डोळ्यांसमोर तयार होतं. मी तिला समजावलं की रेशीम ही मालकांची नक्कल आहे, हा शर्ट तुझा इतिहास आहे, तो भिंतीवर गेला पाहिजे. मी चांगलं बोलते. त्या दिवशी फारच चांगलं बोलले.

तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पेटीतून एक साडी काढली. पिवळीधमक, तळहाताएवढ्या लाल फुलांची, सुळसुळीत मिलची. प्रशांतनं तोंड फिरवलं. मलाही ती भडक, बाजारू वाटली. आत्या म्हणाली, तिच्या अंगाला आजवर लागलेली प्रत्येक साडी कुणीतरी दिलेली. लग्नातली, भावानं दिलेली, आहेरात आलेली, मालकिणीनं वापरून दिलेली, सरकारनं वाटलेली. ही एकच तिनं स्वतः घेतली होती, इचोड्याच्या दुकानात, एकटी जाऊन. “त्यानं सात दाखवल्या. मी म्हटलं, ते आठवी काढ, वरची.” हे सांगताना ती लाजली होती. तिला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तरीही शर्टाचा हट्ट सोडला नाही. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “तो शर्ट मी हौसेनं घातला नाई, बाई. बोंडं टोचतात म्हून घातला. फोटोत कुटं बोंडं हायेत?”

इथं मी थांबायला हवं होतं. पण आपली बाजू न्यायाची आहे असं ज्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, त्याला थांबायची सवय नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पिशवी भरायला सांगितली. प्रशांतनं आग्रहानं दिलेली रेशमी साडी मी तळाशी ठेवली, त्याच्या समाधानासाठी. पिवळी साडी पिशवीत न भरता पेटीत परत टाकली आणि तिच्या जागी शर्टाची घडी ठेवली, पत्रकासारखी सरळ. ऐनवेळी रेशमीखेरीज दुसरं काही नसलं की घालेल, फोटो पाहिला की तिलाच पटेल, असा माझा हिशेब. लोकांना आपलं हित कळत नाही म्हणून त्यांचे निर्णय परस्पर घेणाऱ्यांवर मी किती पत्रकं लिहिली आहेत!

इचोड्याचा स्टुडिओ हमरस्त्याला लागून. ट्रक गेला की काचेतले नवरानवरींचे फोटो थरथरायचे. आत निळा पडदा, एक स्टूल, दोन छत्रीचे दिवे, आरशापाशी कंगवा आणि पावडर, आणि खुंटीवर एक काळा कोट, जो येईल त्याच्यासाठी. फोटोग्राफर तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत. त्यानं आत्याला विचारलं, कपडा कौन सा रंग का है, अम्मा? “पीला है, फूल है,” ती ऐटीत म्हणाली आणि पिशवी घेऊन पडद्यामागे गेली.

कपड्यांची सळसळ नाही, बांगड्या नाहीत. प्रशांतनं घड्याळ पाहिलं. मी दिव्याच्या बाजूला उभी होते.

“बाई, इकडं ये.”

मी पडद्याआड गेले. पिशवी उलटी केलेली, रेशमी साडी आणि शर्ट बाकावर शेजारी शेजारी.

“पिवळी कुटं हाय?”

“घरी राहिली वाटते.”

तिनं शर्टावरून हात फिरवला, माझ्या घडीवरून. “राह्यली, का ठेवली?”

मी खाली पाहत म्हणाले, “ठेवली.”

बाहेरून प्रशांतनं हे ऐकलं आणि घाईनं म्हणाला की मग रेशमीच नेस ना, माय, आता आलोच आहोत. आत्यानं दोन्ही कपडे पिशवीत भरले, पडदा सारला आणि नेसली होती त्याच साडीत बाहेर आली. विटलेली, विटकरी, पदरावर बसमधली धूळ. प्रशांत विनवत राहिला. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमी दोघं येकच हाव,” ती म्हणाली.

मला आजवर विरोधकांनी बरंच काही म्हटलं आहे. इतकं काही लागलं नाही. प्रशांतच्या बरोबर उलटं असणं हीच तर माझी ओळख होती.

ती स्टुलावर बसली. फोटोग्राफर म्हणाला, थोडा हँसो अम्मा. ती हसली नाही. इधर देखो, लेन्स में. तिनं लेन्सकडे पाहिलं नाही. दिव्याशेजारी मी उभी होते, तिथे पाहिलं... आणि त्यानं बटण दाबलं. अच्छा आया, म्हणाला. दुसरा काढू दिला नाही तिनं. तोच त्यानं माझ्या मोबाईलवर पाठवला.

बस स्टँडवर मी म्हणाले, उद्या पिवळी घेऊन परत येऊ. ती म्हणाली, “आता नेसली तरी ते तुयी परवानगी होईन.” मग थोड्या वेळानं, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, तिनं विचारलं की मी भजी खाणार का. आम्ही खाल्ली. मी माफी मागितली नाही. पुढच्या खेपेला मागू म्हणून बेल्लमपल्लीला गेले, आणि पाच आठवड्यांनी तो फोन आला.

फोटो मोठा करायला प्रशांत आणि मी त्याच स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरनं साडी फार जुनी दिसते असं सांगितलं, आणि बदलून देतो म्हणाला. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं प्रशांत रेशमी म्हणेल. पण त्याचे डोळे भरले. “पिवळी टाका,” तो म्हणाला. “तिची विच्छा होती.”

मी नाही म्हणाले. त्या पाच मिनिटांत आत्याला हवं ते मिळालं असतं आणि मी केलेलं पुसलं गेलं असतं, आणि यातलं मला नेमकं काय नको होतं ते त्या क्षणी माझं मलाही नीट कळलं नाही. मी एवढंच म्हणाले की पिवळी आपण नेसवायची नव्हती, ती नेसणार होती. प्रशांत म्हणाला, तुले अजूनबी तुयंच खरं कराचं हाय. असेलही. पण फोटो जसा होता तसा आला, आणि पुण्यानुमोदनाला, तिला आदरांजली वाहायला जमलेल्या सगळ्यांसमोर मी पिशवीची हकिकत सांगितली.

आता तो प्रशांतच्या बैठकीत आहे. विटकरी साडी, पदरावर धूळ. येणारे म्हणतात, काय करारी नजर आहे बाईची. कुणाला वाटतं ती अन्यायाकडे पाहते आहे. बरोबरच वाटतं त्यांना. मी त्या खोलीत कुठेही बसले तरी तिच्या समोरच बसते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात जे थकलेलं माणूस आहे, त्याला आजच विचारा, तुझा फोटो काढायचा, काय घालशील? ते जे सांगेल ते भडक असो, फाटकं असो, तुमच्या विचारांच्या विरुद्ध असो, ‘पण’ म्हणू नका. या आठवड्यात त्याला स्टुडिओत घेऊन जा. आणि निघताना पिशवी त्याची त्याला भरू द्या.