ताटली पुढे सरकवणारे दौलतराव

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी वाटून खायची प्रभुभोजनाची भाकर दौलतराव करायचे, आणि ती एकटे दौलतरावच खायचे नाहीत. गहू स्वतः दळून आणायचे, बिनमिठाची जाड पोळी भाजायचे आणि शिवणकामाची कात्री उकळत्या पाण्यातून काढून तिचे पेराएवढे तुकडे करायचे. मनुका उकळून रसही तेच काढत. चर्चमध्ये तुकड्यांची ताटली त्यांच्यापुढे आली की ती दोन्ही हातांनी अदबीनं धरत आणि शेजाऱ्याकडे सरकवत.

सत्तर-बहात्तरच्या सुमारास मी मेडशीजवळच्या मालेगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले. आमची चर्चची मंडळी पंधरा-वीस घरांची. भाकर टाळतो म्हणजे हा माणूस लपून दारू पीत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याचं पाप ओळखण्यात मी तरबेज! शेवटी बाजारात त्यांच्या शिलाई मशीनसमोर उभी राहून विचारलंच.

"भूक तं लय हाय, सिस्टरबाई," मशीनवरचे पाय न थांबवता ते म्हणाले, "पण हात खरकटा हाय."

तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि काही महिन्यांतच वडील वारले. दौलतराव आपल्या गावी, मेडशीला धावत गेले. तिरडीला खांदा द्यायला वाकले, तर थोरला भाऊ किसन अख्ख्या गावासमोर म्हणाला, "तू बाटला. बापाले हात लावू नको." त्याला वीस वर्षं झाली होती. किसनला माफ केल्याशिवाय प्रभूच्या ताटाला शिवायचं नाही, हा दौलतरावांचा स्वतःचा कायदा. चर्चच्या पाळकसाहेबांनी तो इतरांना लावला असता तर आमचं निम्मं चर्च उपाशी उठलं असतं.

दर पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ते माफ करायला म्हणून एसटीनं मेडशीला जात आणि पुढच्या गाडीनं परत येत. "फाट्यावर च्या घेतला, आलो," एवढंच सांगत. घरापर्यंत का नाही गेलात, म्हटलं की चिडत. "त्याचं थोबाड डोयापुढं आलं अन् आंगात आग झाली. मन देवाचं झालं म्हनतो मी, पन ते माह्यं ऐकतच नाई!"

एकदा किसनच सदऱ्याचं कापड घेऊन दुकानात आला. दौलतरावांनी माप घेतलं, सदरा शिवला, शिलाई घेतली नाही. बोलले मात्र एक अक्षर नाही. "छातीचं माप मी दोनदा घेतलं," ते मला नंतर म्हणाले. "दोन शब्द बोललो असतो तं सुटलो असतो."

पुढे पोटाच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं. मी सुई द्यायला जायची. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले, तर यांनी तोंड मिटून घेतलं. ते गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, "किसनले निरोप धाडा. मले खांदा त्यानंच द्याव. तोंडानं नाई निंगत, सिस्टरबाई. हेच माह्यं माफ करनं समजा."

मी मेडशीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे दौलतराव गेले.

किसन दुपारी पोचला, अंगात तोच सदरा. शवपेटी उचलायला वाकला, तसे मंडळीतले एक वडीलधारे आडवे आले. "ही ख्रिस्ती मयत आहे. बाहेरच्यांचा हात नको."

"मले बलावलं होतं जी," किसन म्हणाला.

"कुणी?"

"कंडक्टरनं निरोप देल्ला, खांदा द्याले ये म्हनून. कोनाचा, ते त्यानं नाई सांगतलं."

पाळकसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "दौलतराव कुणाला काही बोलले होते का?"

बोलले होते. मला, आणि फक्त मला. पण इतक्या पुरुषांत, त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडावर बोलायचं कसं? पुढे होण्यापुरताही धीर माझ्यात नव्हता. मी खाली मान घालून पदर नीट करत राहिले. पेटी निघाली. किसन थोडा वेळ मागून चालला आणि मग एसटी स्टँडकडे वळला.

पुढच्या पहिल्या रविवारी भाकर बेकरीच्या पावाची होती. ताटली माझ्यापुढे आली. दौलतरावांसारखी पुढे सरकवावी, असं फार वाटलं. पण शेजारच्या बाया बघत होत्या.

मी तुकडा उचलला आणि खाल्ला.