सोक साहेबांच्या पाठीवरचे सप्तर्षी

हमामखान्यात सगळेच नागडे, असं म्हणतात. ते खोटं आहे. आमच्या बाजारपेठेतल्या ‘बगळा’ हमामखान्यात एका माणसाच्या अंगावर कायम चड्डी असते, आणि तो म्हणजे प्यो दोक-सू. हातात हिरवा खरखरीत मोजा घालायचा, गिऱ्हाईकाला रेक्झिनच्या खाटेवर पालथं पाडायचं आणि शेवया वळाव्यात तशा मळाच्या वळ्या काढायच्या, हा त्याचा धंदा. गावातली झाडून सगळी पाठाडं त्याला तोंडपाठ. पण कुणाच्या पाठीवर काय आहे, हे त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं.

पडलं ते नेमकं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत.

झालं असं, की उमेदवार सोक साहेब प्रचाराला आले आणि पहाटे पहाटे ‘बगळ्या’त आंघोळीला शिरले. एवढा मोठा माणूस! शहरातले संगमरवरी हमामखाने सोडून इथं का आला? गावाला हा प्रश्न गिळवेना. गल्ल्यावर बसणाऱ्या मालकीणबाई ओक-बुन म्हणाल्या, “आमच्या बंबाखाली ड्रॅगनची नस आहे. माझे सासरे सांगायचे. ज्याला गादी पाहिजे त्यानं इथं बूड टेकायचं.” बियाणेवाल्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते विरोधी उमेदवार हाम साहेबांचा माणूस आतल्या वाफेच्या खोलीत डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता आणि तिथं दोघांचं साटंलोटं झालं. टॉवेलवाला माणूस म्हणजे खुद्द बियाणेवाल्याचाच मेव्हणा होता. पण ते सांगून कोण मजा घालवणार?

खरं कारण दोक-सूला ठाऊक होतं. सोक साहेबांना आंघोळ करायची होती.

ते खाटेवर पालथे पडले आणि म्हणाले, “जरा बेतानं, हां. बाजारा-बाजारात वाकून नमस्कार करून कंबर कामातून गेलीये. कालच पाठीला तुंबड्या लावून घेतल्या, त्या पेल्यांचे डाग ताजे आहेत.” मग गप्पकन झोपले आणि घोरायला लागले. बस्स. देशाच्या भवितव्याबद्दल त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

दुपारी आतड्याच्या सुपाच्या दुकानात चारचौघांनी दोक-सूला घेरलं. “काय बोलला रे? कुणाचं नाव घेतलं?” बिचारा नाही नाही म्हणत होता. शेवटी वैतागून म्हणाला, “अरे, काही नाही रे बाबांनो! पाठच पाठ होती. सात गोल गोल काळे डाग होते, एवढंच. तुंबड्यांचे.”

यातला शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत ऐकणारे दारातून बाहेर पडले होते.

सात डाग! आता पाठीवर सप्तर्षी घेऊन जन्मणाऱ्या सेनापतींच्या गोष्टी इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. संध्याकाळपर्यंत गावातल्या यच्चयावत मोबाइलवर सोक साहेबांच्या पाठीवर आख्खं नक्षत्र उगवलं. कुणी हातानं चित्र काढून पाठवलं, त्यात शेपटीकडचा तारा लुकलुकत होता. सोकवाले म्हणाले, “दैवानंच शिक्का मारलाय, मतदान आता नावाला.” हामवाले म्हणाले, “कसलं दैव? उदबत्तीनं डागून घेतलेत. आणि मुद्दाम ‘बगळ्या’त आला, पाठ दाखवायला! बातमी फुटावी म्हणूनच.”

हे दुसरं मत ज्यानं सगळ्यात मोठ्यानं मांडलं, तो मेंग सांग-गू. मिरची दळायच्या आणि तिळाचं तेल काढायच्या गिरणीचा मालक, हाम साहेबांचा गावातला पुढारी, आणि दोक-सूचा एकुलता एक जिवाभावाचा दोस्त. बाकीची गिऱ्हाईकं दोक-सूला “ओ घासणारे” म्हणून हाक मारायची. सांग-गू तेवढा नावानं. दर रविवारी सांग-गू सगळ्यात शेवटी यायचा, दोक-सू त्याची पाठ लाल होईपर्यंत घासायचा, आणि मग दोघं पायरीवर बसून केळ्याचं दूध प्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढायचे. दोक-सूचा आठवडा त्या पायरीवर संपायचा.

सांग-गू गिरणीच्या दारातच उभा राहून कडाडला, “काय मिळालं रे तुला? जावयाला सरकारी नोकरी?”

“सांग-गू दादा, तुंबड्या होत्या हो त्या! आईशप्पथ!”

“हो हो, तुंबड्या! आणि मी उमेदवार! जा, त्याच्याच पाठीला मोजा लाव. माझी पाठ यापुढं तुला दिसायची नाही.”

आणि खरंच दिसली नाही. रविवार आला, गेला. दोक-सूनं दुधाच्या दोन बाटल्या आणल्या आणि दोन्ही एकट्यानं प्यायल्या. पोट बिघडलं. पुढच्या रविवारी परत आणल्या, परत पोट बिघडलं. बायको म्हणाली, “अहो, एकच आणा की!” पण एक आणायची म्हणजे सांग-गू येणार नाही हे कबूल करायचं. ते काही त्याच्याच्यानं होईना.

तिकडे सांग-गूचेही हाल. घरच्या न्हाणीत स्वतःची पाठ स्वतः घासायला गेला तर खांदा धरला. बायकोला सांगितलं तर ती भांडी घासायची घासणी घेऊन आली. गिरणीत मिरची दळता दळता माणूस दाराच्या चौकटीला बैलासारखी पाठ घासताना लोकांनी पाहिला.

मतदान तोंडावर आलं तसं सांग-गूच्या डोक्यात भन्नाट कल्पना शिरली. नक्षत्र पाठीवर कुणालाही काढता येतं, हे सिद्ध करायचं! बायकोला घरचा तुंबड्यांचा डबा काढायला लावला आणि नीट सप्तर्षींच्या आकारात सात तुंबड्या लावून घेतल्या. शेपटी जरा वाकडी आली, पण ओळखू येत होती. रविवारी ऐन गर्दीच्या वेळी तो ‘बगळ्या’त शिरला, गरम पाण्याच्या हौदाच्या कडेवर उभा राहिला आणि गर्रकन वळून सगळ्यांना पाठ दाखवली.

“बघा! हे बघा सप्तर्षी! आता बोला!”

हौदातली सगळी डोकी वर झाली. पाणी डुचमळलं. बियाणेवाल्यानं विचारलं, “दादा, तुम्ही कशाला उभे राहताय?”

“दाखवायला उभा आहे!”

“तसं नाही. बाजार समितीला, की थेट नगराध्यक्षाला?”

“अरे गाढवा, कशालाच नाही!”

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात,” बियाणेवाल्याचा मेव्हणा टॉवेलाखालून म्हणाला, आणि साऱ्या हौदानं माना डोलावल्या.

सांग-गू बोंबलून बोंबलून सांगत राहिला. जितका सांगे तितकी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत. “म्हणूनच हामच्या मागं लागला होता.” “बघ, किती दिवसांची तयारी!” “गिरणीचे दर वाढवले नाहीत यंदा, तेव्हाच मला वास आला होता.” तो कपडे घालून बाहेर पडतो न पडतो, तोच बाजार समितीचे चालू अध्यक्ष नासपत्यांची पेटी काखेत मारून धापा टाकत आले. “मेंग साहेब, आपलं घरचंच आहे. तुम्ही उपाध्यक्ष व्हा, पण माझ्या विरोधात नको हो!”

सांग-गू हातात कोंबलेल्या पेटीसकट उलट पावली आत पळाला. गिऱ्हाईकं बातमी घेऊन पांगली होती. दोक-सू खाटेवर पाणी ओतत होता.

“दोक-सू! तू सांग ना त्यांना! तू सांगितलंस तर ऐकतील. या तुंबड्या आहेत!”

हसू आवरता आवरता दोक-सूचे गाल थरथरत होते.

“दादा,” तो म्हणाला, “तुंबड्यांचं मी सांगितलं की लोक काय करतात, ते तुम्ही पाहिलंय.”

सांग-गूनं नासपत्यांची पेटी फरशीवर ठेवली. शर्टाची बटणं सोडली. मान खाली घालून म्हणाला, “लई खाजतंय रे.”

“पालथे व्हा,” दोक-सू म्हणाला आणि मोजा चढवला.