वाढत्या अंगाची खुर्ची

"सेरेब्रल पाल्सी," डॉक्टर म्हणाले. ते कराडच्या दवाखान्यात होते आणि मी इकडं आखातात, अल रय्यानमधल्या एका व्हिलात स्वयंपाकघराच्या कपाटांना दारं बसवत होतो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिकडून फोन स्पीकरवर ठेवला होता. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे अंगावरचा ताबा बिघडलाय, असा डॉक्टरांनी त्याचा अर्थ सांगितला. "हे पूर्ण बरं होत नाही. पण अशी मुलं शिकतात. चालेल की नाही ते आज सांगता येणार नाही. आधी तिला बसतं करू."

आमची ईश्वरी तेव्हा दोन वर्षांची होती. मान धरायची, पण बसवली की कलंडायची. मी फोन खिशात टाकला आणि उरलेली दारं लावून टाकली. रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

दर मंगळवारी सुनंदा पोरीला कडेवर घेऊन एसटीनं कराडला जायला लागली. तिथं फिजिओथेरपी असायची, म्हणजे आखडलेले स्नायू ताणून मोकळे करणं. आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे चमचा धरणं, मणी उचलणं अशी रोजची कामं हाताला शिकवणं. नावं ऐकून घाबरू नका. तिथलं अर्धं सामान आपल्या स्वयंपाकघरातलंच असतं.

थेरपिस्ट मॅडमनी सुनंदाला सांगितलं, "तोल सांभाळण्यातच तिचे हात अडकलेत. पाठीला आधार मिळाला तर हात सुटतील." त्यासाठी कॉर्नर चेअर हवी होती. म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली लाकडी खुर्ची, पुढे छोटं टेबल. मी वीस वर्षं सुतारकाम करतोय. म्हणालो, ही मी करणार.

गावाहून तात्यांचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला. "देवाच्या मनात असंल तसं हुईल. उगं धावाधाव करू नगा."

"तात्या, देव खुर्ची करत नाही. सुतार करतो," मी म्हणालो. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

आमचा फोरमन मल्याळी. प्लायवूडचे उरलेले तुकडे मागितले तर अरबी-हिंदी मिसळून म्हणाला, "यल्ला, ले जा. लेकिन ड्यूटी में नहीं." सुट्टीचे चार शुक्रवार मी त्यात घातले. सगळ्या कडा गोल केल्या, पॉलिश पेपरनं इतक्या घासल्या की गालाला लावून बघितल्या तरी टोचल्या नाहीत. सुनंदानं मापं कळवली होती. प्रत्येक मापात मी तीन इंच वाढवले.

आखातात राहणाऱ्याला ह्याचं कारण सांगायला नको. माझी सुट्टी दोन वर्षांनी येते. आम्ही घरी फ्रॉक पाठवतो तो वाढत्या अंगाचा, चप्पल पाठवतो ती पुढे बोटभर जागा ठेवून. पुढच्या सुट्टीपर्यंत पुरायला हवं ना.

माझ्या खोलीत राहणारा शिंदे ड्रायव्हर साताऱ्याचा. सुट्टीवर जाताना खुर्चीच्या सुट्या फळ्या त्यानं ब्लँकेटात गुंडाळून नेल्या आणि आमच्या घरी जाऊन स्वतः जोडून दिल्या.

महिन्याभरात सुनंदाचा फोन. "अहो, ती घसरतीय. उशा लावल्या तरी एका अंगाला जातीय."

"तुलाच नीट बसवता येत नसंल," मी ओरडलो. माझ्या कामात चूक निघते हे मला खपत नाही. पुढच्या मंगळवारी सुनंदानं खुर्ची टेम्पोत घालून कराडला नेली आणि मला फोन लावून मॅडमच्या हातात दिला.

"दादा, काम सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण पाय लोंबतायत, पाठीला आधार पोचतच नाही. ह्यानं पाठ वाकडी होईल. ही खुर्ची दोन वर्षांनंतरच्या ईश्वरीची आहे. आजची ईश्वरी कुठं बसणार?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सुनंदाची माफी मागितली, तीसुद्धा फोनवर, मॅडमना ऐकू जाईल अशी. मग नवी मापं मागवली, सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही फरक न ठेवता, आणि खुर्ची पुन्हा केली. मॅडमनी बजावलं होतं, दर चार-सहा महिन्यांनी माप बदलणार. बदलू दे. गावाकडं निघालेला एकही माणूस आता माझ्या फळ्यांवाचून सुटत नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढंच ऐका. ते पुढे केवढं होईल ह्या हिशेबानं काही करू नका, आज आहे त्या अंगाला बसेल असं करा. आणि 'कशाला धावपळ' म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा.

दुसरी खुर्ची पोचल्यावर दोन महिन्यांनी, शुक्रवारी दुपारी, व्हिडिओ कॉल लावला. ईश्वरी ताठ बसलेली. पावलं फळीवर टेकलेली. सुनंदानं फोन तिच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला. मी आपला बडबडतोय, "ईशू, बाबाकडं बघ, खाऊ खाल्लास का, बघ की." तिनं बघितलं. उजवा हात उचलला. थरथरत, हळूहळू तो हात माझ्याकडं यायला लागला. मला वाटलं, तोंडावरून फिरवणार.

तिनं लाल बटणावर पंजा आपटला आणि फोन बंद केला.

"पोरीनं माझा फोन कापला! स्वतःच्या हातानं!" मी उठून नाचायलाच लागलो. खोलीतले सगळे जमले.

"मग परत लाव की," शिंदे म्हणाला.

"नाही लावणार," मी म्हणालो. "तिनं नको म्हटलंय."