आठ दिवसांच्या मुदतीचा टॅब

शाळांमध्ये टॅब आले तेव्हा ते वापरायला शिक्षकांना शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या शाळा मी फिरायचो. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराकडच्या अशाच एका शाळेत माझी पत्नी ग्रंथपाल होती. तिला जाऊन आता सात महिने झाले.

बहुतेक शिक्षक टॅबला हात लावायला घाबरत. फुटला तर जबाबदार कोण, हा पहिला प्रश्न. म्हणून ते कपाटात कुलूपबंद राहत. हिने मात्र आल्या आल्या सगळ्या टॅबना खाकी कव्हरं घातली, दाखल क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि ते पुस्तकांच्या रांगेत उभे केले. चिठ्ठी नेमकी कॅमेऱ्यावर.

"अगं, कॅमेरा झाकलास की!"

"पुस्तकाला कुठे असतो कॅमेरा? मुलं नीट वाचतात तरी."

दिवाळीनंतर सातवीतली एक मुलगी आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघाली. दरवर्षीच जायची, पावसाळ्याच्या तोंडावर परतायची आणि दर खेपेला आणखी मागे पडलेली असायची. यंदाही तसंच झालं तर शाळा बंद, हे तिच्या आईनेच हिला सांगितलं होतं. हिने ठरवलं, टॅब तिच्याबरोबर द्यायचा. धडे आधीच भरून ठेवायचे, म्हणजे नेट लागणार नाही.

टॅब शाळेबाहेर नेऊ नये, ही सूचना मीच शाळाशाळांतून देत होतो. जेवताना आमचं वाजलं.

"हरवला तर?"

"पुस्तकं हरवतात तेव्हा येता का चौकशीला?"

"पुस्तक वेगळं."

"अहो, मग मला हे सगळं शिकवलंत कशाला? कुलूप लावता मला आधीही येत होतं."

मी भात कालवत राहिलो. मुख्याध्यापकांची सही तिने कशी मिळवली, तेही विचारलं नाही.

टॅब न्यायला मुलगी आली, त्या दिवशी मी तिथेच होतो. ग्रंथालयाच्या कार्डावरची परतीची तारीख वाचून ती घाबरली. "बाई, आठच दिस? आमी तर लय दिसांनी येणार."

"दर रविवारी फोन कर. काय शिकलीस ते सांगायचं, मग आठ दिवस वाढवीन."

मुदत वाढवायची तिची रीतच ती होती. पुस्तकातलं काहीतरी सांगितल्याशिवाय ती कोणाला शिक्का देत नसे. शिक्षकांनासुद्धा नाही.

तेव्हापासून आमचे रविवार त्या फोनभोवती जात. भट्टीवरच्या मुकादमाच्या फोनवरून मुलगी बोलायची. मागे ट्रकचा आवाज असायचा, आणि ही इकडे पदराला हात पुसत "हं, पुढे?" म्हणायची.

फेब्रुवारीत ही गेली. ध्यानीमनी नसताना. नंतरच्या रविवारी हिचा फोन वाजला. मी तो बंद केला नव्हता. करवत नव्हता.

"बाईंना द्या ना."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही.  मग मुलगी म्हणाली, "मंग टॅब परत पाठवू काय? बापूस शनिवारी गावाला जाणार हाय."

हो म्हणणं सोपं होतं. माझ्याच सूचनेप्रमाणे तो परत यायला हवा होता. पण मग जूनपर्यंत तिच्या हातात काही उरलं नसतं.

"आधी सांग, काय शिकलीस?"

"शेकडेवारी." ती सांगू लागली. "आज हजार विटांतल्या चाळीस फुटल्या. म्हंजी शेकडा चार. बरोबर हाय ना?"

"बरोबर. आठ दिवस वाढवले."

"बाई फोन ठेवायच्या आधी एक गणित द्यायच्या."

 "पाचशेतल्या पंधरा फुटल्या तर?" एवढंच कसंबसं म्हणालो. सोपं होतं फार. उत्तर रविवारी सांग म्हटलं, पण तिने तिथल्या तिथे सांगितलं आणि म्हणाली, "दुसरं द्या. अवघड."